माझ्या वहीतली नावे

आमच्या ख्रिस्ती मंडळीबाहेरच्या, म्हणजे चर्चच्या सभासद नसलेल्या, स्त्रियांसाठी चालणारे आमचे सेवाकार्य ६ वर्षे एका वहीवर चालले होते आणि ती वही माझी होती. कोणत्या घरी कधी भेट दिली, कोणाकडे आजारपण आहे, कोण अलीकडेच विधवा झाली, कोणाला पवित्र शास्त्र (बायबल) वाचायचे आहे पण अक्षरओळख नाही, कोणाला आमचे येणे आवडते पण घरच्यांना ते खपत नाही, हे सारे तीत माझ्या अक्षरात आणि बऱ्याच ठिकाणी फक्त मलाच उलगडतील अशा खुणांत लिहिलेले असे. त्या वेळी वहीत ४३ नावे होती. मग एका शस्त्रक्रियेसाठी मला रुग्णालयात दाखल व्हावे लागले आणि ५ आठवडे घराबाहेर पडता आले नाही. त्या ५ आठवड्यांत त्या ४३ जणींपैकी एकीलाही कोणी भेटले नाही. मंडळीतल्या बहिणींना आस्था नव्हती असे मुळीच नाही. त्या माझी विचारपूस करीत होत्या, माझ्या घरची कामे उरकून देत होत्या आणि माझ्यासाठी मनापासून प्रार्थना करीत होत्या. परंतु कोणाच्या दारी जायचे हेच त्यांना ठाऊक नव्हते आणि ते ठाऊक नसण्याचे कारण मी होते.

अंथरुणात पडल्या पडल्या मी पवित्र शास्त्रातल्या निर्गमाचा १८ वा अध्याय पुन्हा वाचला. दिवसभर लोकांचे वाद एकटाच निकालात काढणाऱ्या मोशेला सासरे इथ्रो यांनी दिलेला सल्ला मी स्वतः अनेकदा शिकवला होता आणि दर वेळी त्याचा अर्थ ‘मदतनीस घ्या, म्हणजे थकवा येणार नाही’ एवढाच सांगितला होता. या वेळी लक्षात आले की इथ्रो मोशेला मदतनीस घ्यायला सांगतच नाही. सहस्रांवर, शतांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसे नेमून लहान बाबींचा निकाल त्यांनीच लावावा, केवळ अवघड बाबी मोशेकडे आणाव्यात, असे तो सांगतो. म्हणजे वाटायचे असते ते काम नव्हे, तर निर्णय. हे मला त्या दिवशी समजले असे मी सर्वांना सांगत असे. प्रत्यक्षात समजायला आणखी एक फजिती व्हावी लागली.

बरी झाल्यावर पहिल्याच रविवारी मी उपासनेनंतर उभी राहिले आणि ज्यांना या सेवेत पुढाकार घ्यायचा आहे त्यांनी नावे द्यावीत असे आवाहन केले. १४ नावे आली. मी हरखून गेले आणि पाळकसाहेबांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, तसे सांगितलेही. पहिल्या सभेला १४, दुसरीला ९ आणि तिसरीला ५ जणी आल्या. गळती कशामुळे झाली हे पुढे एकेकीशी बोलल्यावर कळले. ज्यांना ‘नाही’ म्हणता येत नाही अशांचेच हात जाहीर हाकेला आधी वर होतात. त्या चौदा जणींपैकी निम्म्या आधीच शब्बाथशाळा (मुलांचे रविवारचे धर्मशिक्षण), गायनवृंद आणि महिला मंडळ अशा तीन-तीन जबाबदाऱ्या वाहत होत्या. एकीने शेजारी बसलेल्या जाऊबाईंनी हात वर केला म्हणून आपलाही केला होता. एक बहीण तर पतीच्या निधनाला तीन महिनेही झाले नसताना, घरातली शांतता सहन होत नाही म्हणून आली होती. तिला काम देण्याची नव्हे, तिच्याकडे जाऊन बसण्याची गरज होती आणि मी मात्र तिच्या हाती भेटींची यादी ठेवून मोकळी झाले होते. त्याची खंत अजून आहे.

उरलेल्या पाच जणीही का टिकल्या नाहीत, याचे उत्तर माझ्या फोनमध्ये होते. ‘ताई, सभा चार वाजता ठेवू की पाच?’, ‘ताई, त्या मावशींना रुग्णालयात बघायला गेले तर चालेल का?’, ‘ताई, सतरंज्या कुठे आहेत?’ असे प्रश्न दिवसभर येत आणि मी प्रत्येकाचे उत्तर तत्परतेने, खरे सांगायचे तर थोड्या अभिमानाने, देत असे. पळापळ त्यांनी करायची आणि ठरवायचे मी, अशी ती व्यवस्था होती. स्वयंसेवक म्हणून आलेल्या, घरी आणि कामावर कितीतरी निर्णय स्वतः घेणाऱ्या बायकांना अशा व्यवस्थेत फार काळ राम वाटत नाही.

दुसऱ्या वेळी मी माणसांपासून सुरुवात केली नाही. एक महिनाभर मी जो जो निर्णय घेतला तो लहान-मोठा न म्हणता त्याच वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवला. महिनाअखेर ३१ निर्णय झाले होते. त्यांतले खरोखर माझ्याकडेच असायला हवेत असे किती, हे ठरवायला मी दोन संध्याकाळी घालवल्या आणि कितीही ताणून धरले तरी संख्या ४ च्या पुढे गेली नाही. उरलेले २७ निर्णय त्यांच्या स्वभावाप्रमाणे वेगळे केल्यावर सहा जबाबदाऱ्या आपोआप दिसू लागल्या: घरभेटी आणि त्यांची नोंद, शास्त्राभ्यासाचे गट, मध्यस्थीची म्हणजे इतरांसाठी करायची प्रार्थना, अडचणीत सापडलेल्या स्त्रियांना मदत, नव्याने येणाऱ्या बहिणींचे स्वागत, आणि पैसा व साहित्य. प्रत्येकीसाठी मी एकेक पान लिहिले. त्यात काय करायचे याच्याइतकेच कोणत्या गोष्टी मला न विचारता ठरवायच्या हेही लिहिले आणि तोच भाग लिहिताना हात सर्वांत जास्त अडखळला.

मग प्रश्न आला तो माणसे निवडण्याचा, आणि येथे मला पवित्र शास्त्रातल्याच प्रेषितांच्या कृत्यांचा, म्हणजे पहिल्या मंडळीच्या इतिहासाचा, ६ वा अध्याय उपयोगी पडला, तोही मी आजवर नीट न वाचलेल्या जागी. रोजच्या वाटणीत आपल्या विधवांची उपेक्षा होते अशी कुरकूर ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांनी केली, तेव्हा प्रेषितांनी सात जण निवडायला सांगितले, हे सर्वांना माहीत असते. मात्र निवडल्या गेलेल्या सातांची नावे, स्तेफन आणि फिलिप यांच्यापासून नीकलावापर्यंत, सगळी ग्रीक आहेत. ज्यांची उपेक्षा होत होती त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटणी सोपवली गेली, असा त्याचा सरळ अर्थ मला दिसतो. माझ्या मनातली यादी मी या नजरेने पाहिली तर तिच्यातल्या सर्व जणी मंडळीत लहानाच्या मोठ्या झालेल्या, जुन्या विश्वासी घराण्यांतल्या होत्या. ज्या स्त्रियांसाठी हे सेवाकार्य होते त्यांच्यापैकी एकही तिच्यात नव्हती.

आमच्या भेटींमधूनच दीड वर्षापूर्वी मंडळीत आलेली एक बहीण होती. तिचे नाव मी स्वागताच्या जबाबदारीसाठी सुचवले तेव्हा दोन ज्येष्ठ भगिनींनी हरकत घेतली आणि ती हरकत पोकळ नव्हती. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीचा अध्यक्ष नवा विश्वासी नसावा असे प्रेषित पौलाने म्हटले आहे, तो गर्वाने फुगून जाऊ नये म्हणून. ‘तिला आत्ताच पुढे केलेत तर तिचेच नुकसान होईल,’ असे त्यातल्या एक काकू म्हणाल्या आणि त्यांच्या स्वरात मत्सर नव्हता, काळजी होती. पुष्कळ चर्चेनंतर आम्ही असे ठरवले की शिकवण्याची जबाबदारी तिच्याकडे आत्ता द्यायची नाही, परंतु दारात उभे राहून नव्या स्त्रीला ओळखणे, तिला कोणाशेजारी बसवायचे आणि सभेनंतर तिच्याशी कोणी बोलायचे हे ठरवणे यासाठी तिच्याइतकी योग्य दुसरी कोणी नाही. त्याच पत्रात सेवकांची आधी पारख व्हावी असेही सांगितले आहे. म्हणून तीन महिन्यांचा पारखकाळ ठेवला, पण तो केवळ तिला नव्हे, सहाही जणींना. काकूंनी मान्यता दिली आणि पुढच्या सभेपासून त्या स्वतःच तिच्यासोबत दारात उभ्या राहू लागल्या.

पहिल्याच सभेत तिने एक गोष्ट दाखवून दिली. आम्ही नव्या स्त्रियांना सर्वांसमोर उभे करून त्यांचा परिचय करून देत असू आणि त्याला आम्ही आदरातिथ्य समजत होतो. ‘मला त्या दिवशी पळून जावेसे वाटले होते,’ ती म्हणाली. ‘घरी न सांगता आले होते, आणि तुम्ही माझे नाव मोठ्याने घेतलेत.’ सहा वर्षांत ही प्रथा मी स्वतः सुरू ठेवली होती. ती त्याच दिवशी बंद झाली आणि तो निर्णय तिने मला न विचारता घेतला, कारण तिच्या पानावर तसे लिहिलेले होते.

बाकीच्यांना विचारतानाही मी या वेळी जाहीर हाक दिली नाही. एकेकीच्या घरी जाऊन, तिच्यात मी प्रत्यक्ष काय पाहिले ते सांगून विचारले. एका निवृत्त शिक्षिकेला मी सांगितले की शास्त्राभ्यासात तुम्ही उत्तर देण्याआधी समोरचीला पुरते बोलू देता, म्हणून मला तुम्ही गटांसाठी हव्या आहात. एका परिचारिकेला सांगितले की रुग्णालयात तुम्ही धीर देता तेव्हा उपदेश करीत नाही. ‘थोडेसेच काम आहे, सहज होईल,’ हे आमच्याकडचे लाडके वाक्य मी कटाक्षाने टाळले. आठवड्याला साधारण ४ तास, महिन्यातून एकदा दीड तासाची सभा आणि मुदत एक वर्ष, असे स्पष्ट सांगितले. मुदतीचा फायदा मला पुढे कळला. ज्या कामाला शेवट नसतो त्याला लोक घाबरतात, किंवा एकदा घेतले की सोडताना अपराध्यासारखे तोंड चुकवतात. विचार करायला, प्रार्थना करायला आणि घरच्यांशी बोलायला दोन आठवडे दिले. दोघींनी नकार दिला. त्यांतली एक म्हणाली, ‘माझ्या आईला मीच पाहते, सध्या तीच माझी सेवा आहे.’ तिला आग्रह न करता मी तिच्या आईसाठी प्रार्थना करून परतले आणि तिच्या आईचे नाव भेटींच्या यादीत घातले.

‘नेतृत्व’ हा शब्द काही वडीलधाऱ्यांना खटकला, हेही येथे नमूद केले पाहिजे. शब्दावरून भांडण्यात मला रस नव्हता. रोमकरांस पत्राच्या १६ व्या अध्यायात पौल किंख्रिया येथील फीबीला मंडळीची सेविका म्हणतो आणि तिला ज्या कशाची गरज पडेल त्यात साहाय्य करा असे सांगतो. म्हणून आम्ही गटाला ‘सेविका गट’ म्हणू लागलो. पाळकसाहेबांनी वडीलवर्गाच्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांच्या, सभेत सहाही पाने वाचून दाखवली आणि मंजूर करून घेतली. हे आधीच झाल्यामुळे पुढे ‘तुम्हाला हे ठरवायला कोणी सांगितले’ असे विचारण्याची वेळ कोणावर आली नाही.

पारखकाळाच्या दुसऱ्या महिन्यात सर्वांत मोठी चूक घडली. आमच्या भेटीतल्या एका बहिणीने, घरी तिला मारहाण होते हे दोघींना विश्वासाने सांगितले. त्यांपैकी एकीने त्याच रात्री, हेतू अगदी शुद्ध ठेवून, प्रार्थनेसाठी म्हणून व्हॉट्सॲपच्या गटावर तिचे नाव आणि हकीकत लिहिली. गटात ६० जणी होत्या. तिसऱ्या दिवशी ती गोष्ट तिच्या सासरी पोहोचली. तिने दार उघडणे बंद केले आणि आमच्या निरोपांना कधीच उत्तर दिले नाही. जिने लिहिले होते ती रडत माझ्याकडे आली. परंतु दोष तिच्या एकटीचा नव्हता, कारण प्रार्थनाविनंतीत काय सांगायचे आणि काय नाही याविषयी आमच्यात एक ओळही लिहिलेली नव्हती. प्रार्थनेच्या नावाखाली दुसऱ्याच्या घरातले बोलायची सवय आम्हा सर्वांनाच होती आणि ती मी कधी टोकली नव्हती.

त्यानंतरच्या दोन सभा आम्ही फक्त याच विषयावर घेतल्या. ज्या स्त्रीची गोष्ट आहे तिने स्वतः होकार दिल्याशिवाय तिचे नाव, घर किंवा ओळख पटेल असा तपशील कोठेही जाणार नाही. मध्यस्थीच्या गटाला ‘एका बहिणीसाठी’ एवढेच सांगितले तरी देवाला ती कोण हे ठाऊक असते. हिंसेच्या प्रसंगी आपण पती-पत्नीत तडजोड घडवायला जाणार नाही आणि सहन करण्याचा उपदेश तर कधीच करणार नाही. तिच्या संमतीने प्रशिक्षित समुपदेशक आणि कायदेशीर साहाय्य यांच्याशी तिला जोडून देऊ, आणि तिच्या जिवाला किंवा एखाद्या लहान मुलाला धोका असेल तर गुप्ततेच्या सबबीखाली गप्प बसणार नाही, हेही तिला आधीच सांगू. भेटीला नेहमी दोघींनीच जावे, जसे येशूने बारा शिष्यांना दोघे दोघे करून पाठवले. एकीने बोलावे आणि दुसरीने ऐकावे, किंवा मुलांना सांभाळावे. तसेच मदत ही मदतच राहील, सभेला येण्याची अट तिला चिकटवली जाणार नाही आणि शाळेची फी दिलेल्या आईला ‘रविवारी दिसला नाहीत’ असे कोणी म्हणणार नाही. ही शेवटची बाब लिहिताना एकीने विचारले की मग सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, कधी सांगायची. शिक्षिकाबाई म्हणाल्या, ‘तिने विचारले की सांगायची, आणि आपण चांगल्या वागलो तर ती विचारते.’ त्यावर सर्वांचे एकमत झाले असे नाही, पण नियम मंजूर झाला.

पैशाविषयी थोडक्यात सांगते, कारण ते सोपे होते. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या ८ व्या अध्यायात पौल गोळा केलेली मदत नेताना आपल्यासोबत इतर बंधूंना घेतो, कोणाला दोष ठेवायला जागा राहू नये म्हणून. आम्हीही अर्पण दोघींनी मिळून मोजायचे, नोंदीवर दोघींनी सही करायची आणि दर तीन महिन्यांनी हिशेब मंडळीच्या खजिनदारांना दाखवायचा असे ठरवले. त्या दोघी एकाच घरातल्या नसाव्यात, एवढी भर परिचारिकाबाईंनी घातली.

मनुष्यस्वभावाचा भाग मात्र अवघड गेला. भेटी पाहणारी आणि मदत पाहणारी या दोघींचे पाचव्या महिन्यात बिनसले. एकीचे म्हणणे असे की भेटीत वचन दिले की मदत तातडीने पोहोचली पाहिजे. दुसरीचे असे की चौकशी न करता दिलेले वचन मला बांधील नाही. दोघींचेही बरोबर होते आणि दोघीही माझ्याकडे स्वतंत्रपणे येऊन दुसरीविषयी सांगत. मी दोन महिने दोघींचे ऐकून घेत राहिले आणि त्यालाच शांती राखणे समजत होते. फिलिप्पैकरांस पत्रात पौल युवदीया आणि सुंतुखे या दोघींना नावानिशी, एकेकीला वेगळी विनंती करतो आणि तिसऱ्या सोबत्याला त्यांना साहाय्य करायला सांगतो. कोण बरोबर होते याचा मात्र उल्लेखही करीत नाही. मी त्या तिसऱ्या सोबत्याचे काम टाळत होते. शेवटी दोघींना समोरासमोर बसवले आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या १८ व्या अध्यायाप्रमाणे यापुढे कोणीही आधी त्या व्यक्तीशी न बोलता माझ्याकडे येणार नाही, असे सर्वांनी मान्य केले. त्या बैठकीतूनच, भेटीत केवळ ‘विचारून सांगते’ असे म्हणायचे आणि तीन दिवसांत हो किंवा नाही कळवायचे, हा नियम निघाला. त्या दोघी जिवलग मैत्रिणी झाल्या नाहीत, पण काम चालू राहिले.

वर्ष संपल्यावर सहांपैकी चौघींनी पुन्हा जबाबदारी घेतली. प्रार्थनेची जबाबदारी पाहणारी बहीण बाळंतपणामुळे थांबली आणि पैशाचे काम पाहणाऱ्या बाईंनी, हे आपल्याला जमते पण आवडत नाही, असे मोकळेपणाने सांगितले. दोघींसाठी उपासनेत आभार मानले गेले आणि दोघींनी आपल्या जागी येणाऱ्या बहिणीसोबत एकेक महिना काम करून मगच रजा घेतली. मंडळीत जबाबदारी सोडताना मी आजवर रुसवेच पाहिले होते.

वही मी पहिल्याच वर्षी भेटी पाहणाऱ्या ताईंच्या स्वाधीन केली. त्याआधी चार दुपारी बसून माझ्या सगळ्या खुणा त्यांना उलगडून सांगाव्या लागल्या आणि तीन खुणांचा अर्थ मलाच आठवला नाही. आता नावे ७१ आहेत. त्यांतली तीन घरे माझ्याकडे आहेत आणि इतरांप्रमाणे मीही प्रत्येक भेटीची नोंद ताईंकडे देते. मागच्या महिन्यात त्यांनी माझी एक नोंद परत पाठवली, कारण मी तिच्यावर तारीख घातली नव्हती.